कमानीवरची कणसं

मोंढ्यात नवी बाजरी उतरली की मला राग येतो. इतरांना त्या वासानं भूक लागते, गाव आठवतं, काहींना कविताही सुचते म्हणे. मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे गेली पाच-सहा वर्षं ठरत नाही. पोत्यांच्या शिवणीतून गळणारे राखाडी-हिरवे दाणे, जिनिंगकडून वाऱ्यावर येऊन पापणीला चिकटणारे कापसाचे तंतू, हमालांच्या घामेजल्या पाठीवर बसलेला भुसा, आणि या सगळ्याच्या वर, चौकातल्या जुन्या कडुलिंबाच्या झाडात दिवसभर चाललेली खारींची चिकचिक. आश्विन संपत आला म्हणजे जालन्याचा मोंढा असा असतो. दिवाळी चार दिवसांवर आलेली असते आणि कुणीतरी शिडी शोधत असतं.

काल मोंढ्यातल्या दिवाळी कमिटीची मंडळी घरी आली होती. चौकातल्या कमानीला यंदा रंगीत दिवे लावायचे, त्याचं पत्रक मी लिहावं, असं त्यांचं म्हणणं. जालन्यात पत्रक म्हटलं की माझं नाव निघतं. नळाला पाणी आलं नाही, लिही पत्रक. मापात मारलं, लिही पत्रक. सध्या मराठी राज्यासाठी लिहून राह्यलोय. मी त्यांना एकच विचारलं, खारींचं काय करणार? एक म्हणाला, तारेला तिखट चोळू. दुसरा म्हणाला, गोफण घेऊन माणूस बसवू. मग सगळे मनसोक्त हसले. मी पत्रक लिहायला नाही म्हणालो तेव्हा हसणं थांबलं. कारण मी सांगितलं नाही. ते आज सांगतो.

दिवा लावणं आणि दिवा राखणं ही दोन निराळी कामं आहेत, हे आमच्या आईला ठाऊक होतं. तेलाची पणती अंगणात ठेवली की उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि गवताच्या गंजीत शिरतो, म्हणून ती पणती पाण्याच्या परातीत ठेवायची. आकाशकंदिलाला कागद चिकटवायचा तो कणकेच्या खळीनं, आणि त्या खळीच्या लोभानं शेजारची शेळी आमचा अख्खा कंदील एकदा खाऊन गेली होती. पुढच्या वर्षीपासून आईनं खळीत चिमूटभर मोरचूद टाकायला सुरुवात केली. त्या निळ्या, कडू खळीला मग ना शेळीनं तोंड लावलं ना झुरळानं. हे शहाणपण कुठं छापलेलं नव्हतं. दिव्याच्या आसपास जे जे भुकेलं आहे त्याची आधी चौकशी करायची, एवढंच ते होतं. वीज आली आणि आम्हा शिकलेल्यांना वाटलं, आता दिवा राखावा लागत नाही. बटण दाबलं की झालं.

ही गोष्ट घडली ते हैदराबाद राज्याचे शेवटचे दिवस होते. निजामी गेली होती, पाट्या मराठीत रंगवल्या जात होत्या, आणि माझ्यासारख्यांना प्रत्येक भिंत पत्रक चिकटवण्यासाठीच बांधली आहे असं वाटायचं. त्या वर्षी प्रथमच मोंढ्याच्या चौकात दिवाळीचे पाच दिवस विजेच्या दिव्यांची कमान उभी करायचं ठरलं. तारा बिजलीघरानं पुरवायच्या, कमान कमिटीनं उभारायची, आणि दिवे लावायचे भागाजीनं.

भागाजी धनगराचा. गाव भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाई. वडिलांच्या मेंढरांमागं अर्धं आयुष्य फिरला, एका दुष्काळात कळप तुटला तेव्हा जालन्याला येऊन बिजलीघरात इंजिन पुसायला लागला, आणि बघून बघून तारेचं काम शिकला. अक्षर येत नव्हतं, पण कुठली तार कुठं जाते हे डोळे मिटून सांगायचा. तरीही तो हंगामीच होता. मॅनेजरसाहेबांनी त्याला सांगितलं होतं, ही पाच दिवसांची कमान नीट जळली तर तुला पक्का लाइनमन करतो, मागं खोलीही देतो. त्या शब्दावर त्याची बायको गयाबाई दोन हंडे आणि एक पाटा घेऊन गावाहून आली होती. बिजलीघराच्या भिंतीला लागून पत्र्याचं छप्पर टाकून दोघं राहत होती. गयाबाई मला एकदा म्हणाली होती, "खोली मिळाली की पहिलं चूल लिंपीन, भाऊ. लगीन झाल्यापून एका जागी दुसऱ्यांदा चूल पेटवली न्हाई म्या."

हे मला ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं कुणी म्हणू नये की बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. माझ्या पत्रकांची सुरुवात "कामगार बंधूंनो" अशी व्हायची. भागाजी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला "अरे भागाजी" म्हणायचो. तो मला "तुमी" आणि "भाऊ". दोघांपैकी कुणालाही यात काही खटकत नव्हतं.

त्यानं दिवे कसे लावले ते मी बघत होतो. चौकातला लिंब आणि कमान यांच्यात हातभर अंतर, म्हणजे खारीला एक उडी. तारेवर त्या काळी रबर असायचं आणि रबरावर सुताचं विणलेलं वेष्टण. भागाजी म्हणायचा, खारीला ते सूत पोटासाठी नको असतं, घरट्यात अंथरायला पाहिजे असतं, आणि दात तिचे वाढत राहतात म्हणून काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यात तिचा गुन्हा नाही. त्यानं तंबाखूचं पाणी उकळून निंबोळीच्या तेलात कालवलं आणि कापडाच्या बोळ्यानं वीत वीत तार पुसून काढली. दोन दिवस त्याच्या हातांना तो कडू वास होता. कमानीच्या खांबांना त्यानं उंदरांसाठी पत्र्याची उलटी टोपी बसवली. आणि शेवटी बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आणून लिंबाच्या बुंध्याला आणि कमानीच्या माथ्याला आवळून बांधल्या. मेंढराच्या वाड्याला कुंपण करतात तशा. लांबून बघितलं तर कमान अंगावर शहारे आल्यासारखी दिसायची.

ती काही सुंदर दिसत नव्हती, हे खरं.

कमिटीची बैठक अध्यक्षांच्या आडत दुकानात, पांढऱ्या गादीवर भरली. अध्यक्ष म्हणजे आमचे शेठजी, मोंढ्यातले जुने धान्यवाले. त्यांनी आल्या आल्या काट्यांचा विषय काढला. लक्ष्मी ज्या दारातून येणार तिथं बाभळीचे काटे? काटे तर माणूस पुरल्यावर वरून टाकतात. मी लगेच उसळलो. मला असली संधी हवीच असायची. शुभ-अशुभावर मी पाव तास बोललो असेन. बोलताना माझ्या लक्षात आलं की काट्यांवाचून कमान खरोखरच छान दिसेल, आणि माझ्या डोक्यात आठवडाभर घोळणारी एक गोष्टही साधून जाईल. दसरा-दिवाळीला आपल्याकडे दारावर नव्या कणसांची जुडी टांगतात, चिमण्यांनी यावं, दाणे टिपावेत म्हणून. मी म्हणालो, काटे काढतो, पण मग प्रत्येक दिव्याजवळ बाजरीचं एक कणीस बांधलं पाहिजे. ज्याच्या घामानं कणीस भरलं त्याच्या घरात दिवा कधी, हा सवाल अख्ख्या मोंढ्याला दिसला पाहिजे. शेठजींना सवालाशी कर्तव्य नव्हतं, पण दिवाळीत नवं धान्य दारावर म्हणजे शकुनच. त्यांनी ताबडतोब मान हलवली. शेठजी आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. त्यात दोघांच्याही खिशातलं काही गेलं नाही. गेलं ते भागाजीचं काम.

तो दाराशी पक्कड हातात घेऊन उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तोच बोलला. "काटं काढा म्हनता, काढतो. पण मंग दाणं तरी बांधू नका. खारी दाण्याला येतीन आन् जाता जाता तार कुरतडतीन. माझं तेल कडू हाय, पण दाण्यापुढं कडू कोन बघतंय?"

शेठजी म्हणाले, खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, ती लक्ष्मीच्या दिव्याला कशाला तोंड लावेल. आणि मी, ज्याला रामाची बोटं मान्य नव्हती, तो म्हणालो की एकदा विजेचा झटका बसला की खार पुन्हा फिरकणार नाही, विज्ञान आहे. आज वाटतं, शेठजींची श्रद्धा निदान जुनी तरी होती. माझी त्याच क्षणी तयार केलेली होती. भागाजी हटेना, तेव्हा मी ते वाक्य बोललो.

"भागाजी, तू मेंढरं सोडून आलास, पण मेंढरं काही तुला सोडत नाहीत."

गादीवर हशा पिकला. दारातला हमालसुद्धा हसला. भागाजीही हसला, आणि कान खाजवत शिडीकडे गेला. माणूस असा हसला की आपण जिंकलो असं मला त्या वयात वाटायचं.

दोन दिवस कमान जळली, आणि काय जळली. पिवळ्या उजेडात कणसं सोन्याच्या कांड्यांसारखी दिसायची. रस्त्यावर त्यांच्या सावल्या पडायच्या, लांबोडक्या, वाऱ्याबरोबर हलणाऱ्या. खेड्यांतून बैलगाड्या भरून माणसं बघायला आली. उटण्याचा वास, फटाक्यांच्या दारूचा धूर, नव्या कापडाची खळ, आणि त्यावर ताज्या बाजरीचा दरवळ. गयाबाई गर्दीच्या पार मागं, पानाच्या दुकानाशी डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती. नवऱ्याचं काम बघायला आली होती, पण पुढं आली नाही. मी भाषण केलं. दिवसा खारी कणसांवर तुटून पडत होत्या आणि लोक कौतुकानं माना वर करून बघत होते. एकानं म्हटलं, बघा, रामाची खार दिवाळी करून राह्यली. भागाजी तेवढा खाली बसून सारखा वर बघायचा आणि चुळबुळायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप चार-पाच कणसं तोडली. ती मीच पुन्हा बांधायला लावली.

लक्ष्मीपूजनाला, ऐन दिवेलागणीला, दुकानादुकानांत पूजा मांडलेल्या असताना कमान विझली. एक माळ गेली, मग दुसरी, मग सगळंच. अंधारात झांजा तशाच वाजत राहिल्या. मग तो गर्दीतला सूर उठला, जो कुणाचं तरी नाव शोधत असतो. मी त्या सुराला नाव पुरवलं. मला सवयच होती. बिजलीघरानं सडक्या तारा गळ्यात मारल्या, असं मी तिथंच ओरडलो, आणि पूजेच्या गुळाचा खडा तोंडात असतानाच छापखान्यात जाऊन बसलो. "सडक्या तारा, सडका कारभार." माझ्या चांगल्या पत्रकांपैकी ते एक आहे. आजही वाचलं तर एक शब्द बदलावासा वाटत नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

पाडव्याच्या सकाळी मी चौकात पत्रकं वाटत होतो, आणि भागाजी शिडीवर होता. कोवळं ऊन होतं. तो खाली उतरला ते धोतराच्या सोग्यात काहीतरी धरून. त्यानं सोगा उघडला. आत एक मेलेली खार होती, शेपटी जळालेली, आणि तिच्या मिशांना बाजरीचा भुसा. दुसऱ्या हातात तारेचा तुकडा. सुताचं वेष्टण पिंजलेलं, रबरावर बारीक दातांच्या रेघा, आत तांबं उघडं.

"चार जागी हाय असं," तो म्हणाला. "चारी बराबर कणसाच्या गाठीपाशी. बाकी कुठंच न्हाई. तार चांगली हाय, भाऊ. पत्रक थांबवा. तुमी साहेबाला बोल लावान, आन् साहेब तो माझ्यावर काढीन."

माझ्या काखेत अर्धा गठ्ठा शिल्लक होता. तो म्हणाला, निदान साहेबांना दोन ओळी लिहून द्या, की दाणे भागाजीनं बांधले नाहीत, तो नको म्हणत होता. मला अक्षर येत नाही, आलं असतं तर मीच लिहिलं असतं. मी म्हणालो, लिहितो, आज संध्याकाळीच लिहितो. आणि हे म्हणत असतानाच शेजारून एक ओळखीचे गृहस्थ चालले होते, त्यांच्या हातात मी एक पत्रक दिलं. हात आपोआप गेला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. हात आपोआप जात नसतो.

पुढचं थोडक्यात. पत्रक गाजलं. लोकांनी बिजलीघरासमोर घोषणा दिल्या. मॅनेजरसाहेब घाबरले, आणि घाबरलेला साहेब जे करतो ते त्यांनी केलं. तारा उत्तम आहेत, दोष हंगामी माणसाच्या कामाचा आहे, त्याला दूर केलं आहे, आणि पुढल्या दिवाळीला कमिटीला नव्या तारा बिजलीघर देईल, असं फळ्यावर लिहून लावलं. कमिटी खूश झाली. शेठजींनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, तुमच्या लेखणीत दम आहे. खारीबद्दल मी कुणाला बोललो नाही. कमानीवरची कणसं कुणीतरी गाईला घातली.

पत्रक लिहिणाऱ्यांना मी आता एक विचारतो. "कदाचित" हा शब्द तुम्ही कधी पत्रकात लिहिलाय? "आमचंही चुकलं" हे दोन शब्द? मी नाही. पत्रकाला शत्रू लागतो, आणि तो खारीएवढा असून चालत नाही. तो मोठा हवा, त्याची इमारत हवी, त्याला फाटक हवं, म्हणजे फाटकासमोर उभं राहता येतं. बिजलीघराचे गुन्हे काय कमी होते? त्यांच्यावर दहा पत्रकं लिहिता आली असती, आणि ती दहाही खरी निघाली असती. मी लिहिलं ते नेमकं खोटं होतं, आणि तेच जिंकलं. आमच्या चळवळीत या गोष्टीला विजय म्हणतात. मीही म्हणालो. अजूनही माझे मित्र नव्या लोकांना तो किस्सा सांगतात, आणि मी चहा पीत ऐकून घेतो.

हा लेख म्हणजे भागाजीनं साहेबांसाठी मागितलेली ती चिठ्ठी, असं कुणी समजू नये. त्या जागेवर दुसरा माणूस कधीच लागला. तो पक्का आहे, मागच्या खोलीत राहतो, त्याच्या दारात तुळस आहे. चांगला माणूस आहे. त्याच्याकडे बघून मला राग येतो हे त्याला कळत नाही, आणि कळण्याचं कारणही नाही.

गेल्या साली सभेच्या कामानं भोकरदनला गेल्तो. बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या कडेला मेंढरं बसवलेली, आणि खांद्यावर घोंगडी टाकून एक माणूस एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन त्यातला काटा काढत होता. भागाजी. मेंढरं दुसऱ्याची, हा राखोळीवर. मला बघून उठला, राम राम केला, भाऊ म्हणाला. मागं गयाबाई तीन दगड मांडून भाकरी टाकत होती. तिनं वर बघितलं, ओळखलं, आणि पुन्हा तव्याकडे बघायला लागली.

मी एवढ्या वर्षांनी बोललो. उभ्या उभ्याच. कणसं मी बांधायला लावली होती, तू तोडलीस तीही मी पुन्हा बांधवून घेतली, आणि चिठ्ठी लिहायला पाहिजे होती ती लिहिली नाही. भागाजी ऐकत होता, पण खुराकडे बघत. काटा निघाला तेव्हा त्यानं तो निरखून बघितला आणि बाजूला टाकला.

"मला काय ठाव न्हाई व्हय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "साहेबानं काढलं, तरी आठ दिस थांबलो व्हतो छपरात. ही रोज इचारायची, भाऊची चिठ्ठी आली का. म्या म्हनायचो, त्यायला लिहायचं लई काम असतंय, येईन. नवव्या दिशी हंडे उचलले."

परत येताना गाडीत मी हिशेब लावत बसलो. माझ्या सगळ्या पत्रकांच्या प्रती मी जपून ठेवतो, घरी येऊन त्या काढून बघितल्या. भागाजी बायकोला खोटं सांगत नव्हता. त्या आठ दिवसांत मी तीन पत्रकं लिहिली होती. एक जनतेच्या विजयाबद्दल अभिनंदनाचं. एक नळाच्या पाण्याचं. एक मोंढ्यातल्या मापाचं, ते तर लांबलचक, दोन्ही बाजूंनी छापलेलं. भाषा चांगली आहे, कुठं छपाईची चूक नाही. दोन ओळींची चिठ्ठी तेवढी राहिली.